पंचफुलाबाईच्या गाण्यामागचे हुंदके

आर्णीत त्या सकाळी नागोरावच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. स्पीकरवर त्याच्या बायकोचं, वर्षापूर्वी वारलेल्या पंचफुलाबाईचं भीमगीत लागलं होतं, आणि खंजिरी वाजली की तिच्या आवाजामागं कोणीतरी चक्क हुंदके देत होतं! बाया डोळ्यांना पदर लावत होत्या.

"आत्मा अडकला आहे!" या हुंदक्यांसाठी बोलावलेल्या नादगिरी महाराजांनी घुंगरांची काठी आपटली. "जिथं जिथं हा आवाज आहे, ते सगळं अरुणावती नदीत सोडा. कार्ड सोडा, फोन सोडा! आत्म्याला रेंज लागत नाही, श्रद्धा लागते!"

समोर मोबाईल दुकान चालवणारी शबाना गर्दीतच उभी होती. मूळ रेकॉर्डिंग फक्त नागोरावच्या फोनात होतं. स्पीकरमधल्या मेमरी कार्डातली नक्कल तिनंच केलेली. गिऱ्हाइकांचा एकच हट्ट, एका कार्डात दोन हजार गाणी बसव! मग काय, ही बाई गाणी लहान करणाऱ्या कन्व्हर्टरची दर्जाची सेटिंग पार खाली, बत्तीस केबीपीएसवर ओढायची आणि गाणी कोंबायची. आता तोंड उघडलं तर दुकानाची अब्रू जाणार, गप्प बसलं तर पंचफुलाबाईचा आवाज कायमचा बुडणार.

नागोरावनं फोन फडक्यात बांधलासुद्धा.

"थांबा काकाजी! कायले बुडवून राह्यले? थे हुंदके माह्या दुकानातले हायेत!" शबाना धावत जाऊन लॅपटॉप घेऊन आली. "महाराज, जरा काठी वाजवून दोन शब्द बोला ना."

महाराज खूश. काठी खुळखुळवत त्यांनी अर्धं मिनिट ब्रह्मांड हलवलं. शबानानं ते रेकॉर्ड केलं, बत्तीसवर दाबलं आणि स्पीकरला लावलं. महाराजांच्या आवाजामागंही तेच हुंदके!

"अवं माय!" गर्दीतली सुखीबाई ओरडली. "महाराज तं जित्ते हायेत, मंग यांचा आत्मा कुठी अडकला?"

अंगणात हशा पिकला. महाराज चपला शोधू लागले.

"गाणं लहान करतानी कॉम्प्युटर आवाजातलं बारीकसारीक फेकून देते," शबाना म्हणाली. "लयच लहान केलं का खंजिरी, घुंगरू पाण्यावानी डुचमळतात. आपल्याले वाटते कोणी रडून राह्यलं. चूक माही हाये, काकाजी. माफ करा."

मग तिनं फोनातलं मूळ गाणं घेतलं, सेटिंग दोनशे छप्पनवर नेली आणि नवी नक्कल लावली. खंजिरी खणखणीत वाजली. दोन कडव्यांच्या मधे पंचफुलाबाई हलकेच हसली होती. कार्डातली नक्कलच ऐकत आलेला नागोराव ते हसू वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होता.

"थे तं हासून राह्यली होती," तो म्हणाला. "रडून मीच राह्यलो होतो, अन् या बुवानं थेच धरलं. भीमगीतावर वाढलेला मानूस मी, अन् बायकोचा आवाज नदीत टाकाले निंगालो! आयका रे सारे. कोणी अजब काही दाखवलं, तं आंधी हात जोडू नोका. आंधी इचारा, हे होते कसं?"