शुभेच्छुक

या हिवाळ्यात मी ज्यांचे आभार मानले, ते सगळे दुसऱ्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर गेले. घरातून नाहीसे झाले आणि फ्लेक्सवर आले. हात जोडलेले, भोवती गोल चौकट, खाली नाव आणि ‘शुभेच्छुक’.

मी बळवंत गोडांबे, दस्तनोंदणी कचेरीतून निवृत्त. आमच्या कॉलनीच्या कलामंचाचे कार्यक्रम हिवाळ्यात दर रविवारी असतात. साडेपाचची वेळ छापायची आणि सहाला सुरू करायचं. गाणं असो, चित्रप्रदर्शन असो की एकपात्री, शेवटचे आभार माझे. बावीस वर्षं झाली, हातात कधी कागद घेतला नाही. हार करणाऱ्या बाईंपासून चपलांकडे बघणाऱ्या काकांपर्यंत एकही नाव राहत नाही. आमच्याकडे नाव राहिलं की माणूस वर्षभर तोंड फिरवून जातो, म्हणून हे काम माझ्याकडे. मी ते उत्तम करतो, उगाच विनय कशाला दाखवू.

एक नाव मात्र मी कधी घेतलं नाही. कुमुद, माझी बायको. प्रत्येक कार्यक्रमाची रांगोळी तिची. दुपारी दोनपासून हॉलच्या दारात बसून ती ठिपके टाकते. जिथे कार्यक्रम तिथेच रांगोळी, आमच्या स्वतःच्या दारातसुद्धा ती काढत नाही. “घरी कोण येणार आहे बघायला?” म्हणते. पण घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात. मानले तर लोक हसतात.

पहिल्यांदा माइकवाले लोंढे गेले. रविवारी चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी त्यांचं नाव घेतलं. सोमवारी त्यांच्या पत्नी जिन्यात भेटल्या, हातात मेथीची जुडी होती.

“आमचे हे फ्लेक्सवर गेले,” त्या म्हणाल्या.

“कधी?”

“पहाटे. चष्मा इथेच राहिला. पण फोटो छान आलाय हो.”

मी चौकात जाऊन पाहिलं. फ्लेक्सवर आगामी कार्यक्रमांची यादी होती. सुगम संगीत, काव्यवाचन, बालनाट्य, आणि चौथ्या रविवारपुढे नुसतीच जागा. तळाशी लोंढे, कालच्याच शर्टात, चष्म्याविना. ते डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते.

लोकांना हे आवडलं, हे सांगायलाच हवं. सुगम संगीताच्या दिवशी चार माणसं उगाच खुर्च्या उचलून इकडच्या तिकडे करत होती आणि मला दिसेल असं घाम पुसत होती. मी त्यांची नावं घेतली. नाही घेतली असती तर शिव्या खाल्ल्या असत्या. सोमवारी फ्लेक्स चौकातून औषधांच्या दुकानापर्यंत लांब झाला होता. तबलजी, पेटीवाले, चहावाले, खुर्च्यावाले, एकवीस जण.

मी मंचाचे चिटणीस विष्णुपंत खळदकर यांच्याकडे गेलो.

“विष्णुपंत, यापुढे आभाराचं काम दुसऱ्या कोणाला द्या.”

“छापून आलंय,” ते म्हणाले.

“कोणी छापलं?”

“ते मला काय ठाऊक? तुमचं नाव आहे खाली. मोठ्या अक्षरात आहे, बळवंतराव. आनंद माना की.”

काव्यवाचनाला मी ठरवूनच गेलो. शेवटची कविता झाल्यावर माइकवर नुसतं “धन्यवाद, नमस्कार” म्हणालो आणि खाली बसलो. लोक उठले, शाली सावरल्या, मागे वळले. दार नव्हतं. जिथे दार असायचं तिथे डिस्टेंपर लावलेली भिंत होती, तिला जुना ओलाव्याचा डागही होता. कोणी आरडाओरडा केला नाही. सगळे परत येऊन बसले आणि माझ्याकडे बघू लागले. भिंतीवरच्या घड्याळात सात दहा झाले होते आणि ते सात दहाच राहिले. एका कवीचं लहान बाळ रडून रडून निळं पडायला आलं, तेव्हा मी उठलो आणि नावं घेतली. शेवटच्या नावाला बाहेरची हवा आत आली.

त्या सोमवारी फ्लेक्स आमच्या इमारतीपर्यंत पोचला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमची गॅलरी त्याने पूर्ण झाकली, आणि आम्हाला त्याची पालथी बाजू मिळाली. पांढरी, मधून मधून माणसांचे पुसट मागचे आकार. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. मी एका आकाराला हात लावून पाहिला. कणकण असलेल्या माणसासारखा तो कोमट होता.

बालनाट्याचंही तसंच झालं. लहान मुलांची नावं मी अगदी हळू आवाजात घेतली. कानावर पडली नाहीत तर वाचतील, असं वाटलं होतं. नाही वाचली. त्यांच्या आया सोमवारी खाली उभ्या राहून फ्लेक्सचे फोटो काढत होत्या. मी चार दिवस जेवलो नाही.

गुरुवारी चौथ्या रविवारपुढची जागा भरली. ‘सौ. कुमुदिनी गोडांबे यांचे रांगोळी प्रदर्शन’.

कुमुद दोनदा खाली जाऊन वाचून आली. तिने कपाटातली पैठणी काढून उन्हात टाकायची म्हणून गॅलरीत नेली, मग ऊन येत नाही हे आठवून परत आणली.

“तू जाऊ नकोस,” मी म्हणालो.

“माझं प्रदर्शन आहे आणि मीच जाऊ नको?”

“मी तुझं नाव घेणार नाही.”

“ते बावीस वर्षं बघतेच आहे.”

“कुमुद, मला भीती वाटते. तू गेलीस तर मी काय करू?”

ती पैठणीची घडी घालत राहिली. “इतकी वर्षं कुठे भीती वाटत होती?” ती म्हणाली. “तेव्हाही नव्हतंच घेतलं.”

मी पैठणीचं दुसरं टोक धरलं.

रविवारी हॉलची अख्खी फरशी रांगोळीने भरली होती. भिंतीलगत वीतभर वाट ठेवली होती, तिथे उरलेले वीस-पंचवीस लोक पाठ टेकून उभे राहिले. सगळं बघून झाल्यावर मी माइकपाशी गेलो. विष्णुपंतांचं नाव घेतलं, त्यांनी मान लववली. सगळ्यांची घेतली. मग थांबलो. घड्याळात सात दहा. भिंत तशीच. पाण्याचा जार संपला. एक म्हातारे गृहस्थ भिंतीवरून घसरत खाली बसले आणि त्यांची सून त्यांना पदराने वारा घालू लागली. समोरून एक चिठ्ठी हातोहात माझ्याकडे आली. राहिलेलं नाव अशाच चिठ्ठीने येतं आमच्याकडे. मी ती उघडली नाही. अक्षर बाहेरूनच ओळखलं होतं.

“अहो,” कुमुद म्हणाली. पैठणी नेसून, केसात अबोली माळून ती समोर उभी होती. “लोकांना घरी जायचंय.”

मी तिचे आभार मानले. बावीस वर्षांचे मानले. कुठल्या कार्यक्रमाला कुठली रांगोळी होती ते सगळं मला पाठ होतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मोर, कमळं, पावसाने पुसली म्हणून दुसऱ्यांदा काढलेली गोपद्मं. मला रडू येत होतं, आणि तरी आवाज छान लागला. कोणीही हसलं नाही. नाव घेतलं तेव्हा तिने पदर सारखा केला. दार उघडलं.

घरी आल्यावर तिने खिचडी टाकली. रात्रभर मी तिचं मनगट धरून बसलो. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली म्हणून दार उघडायला उठलो, तेवढंच.

गॅलरीत गेलो तर ती समोरच होती, हाताच्या अंतरावर, माझ्याकडे पाठ करून. अबोलीचा गजरा मागच्या बाजूने स्पष्ट उमटला होता. मी तळवा टेकवला. ती कोमट होती. खालून कोणीतरी बाई म्हणाली, “किती हसरा आलाय फोटो!” मी तो पाहू शकत नव्हतो. खाली जायला म्हणून वळलो तर गॅलरीतून घरात यायचं दार नव्हतं.

पायाशी काहीतरी बारीक पडल्याचा आवाज आला. फरशीवर एक पांढरा ठिपका होता. मग त्याच्या शेजारी, बोटभर अंतर सोडून, दुसरा.