झाकलेली पिवळी ओळ

जुना म्हणजे किती जुना, तर कोपऱ्याला तडा गेलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला आणि चार्जरची पिन जरा तिरकी धरल्याशिवाय जागा न होणारा असा मी एक टॅब आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूनं गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री बोलते, फळा बोलतो, आणि शेवटी सगळे हात जोडतात. मी हात जोडणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो गिळून मी काही सांगू शकणार नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते थायलंडच्या सीमेवर, नदीकाठच्या एका हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात. तिथे यायच्या आधी माझ्यात भाषेचं एक मॉडेल घातलं. म्हणजे ढीगभर लिखाण वाचून, कशामागे काय येतं याचा अंदाज बांधायला शिकलेलं डोकं. अंदाज! हा शब्द नीट लक्षात ठेवा. मोठ्या माणसांनी तो ठेवला नाही.

या हॉस्पिटलातले डॉक्टर आणि नर्स थाई. नदीपलीकडून येणारे रोगी करेन जमातीचे, त्यांची भाषाही करेन. त्यांच्याजवळ फाईल नसते, एक वही असते, तांदळाच्या पोत्याच्या प्लास्टिकात गुंडाळलेली. तिच्यात गावचा आरोग्यसेवक लिहितो. अर्धं बर्मी लिपीत, मध्येच इंग्रजी, घाई असली की करेन भाषेत. अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून पळालीय. माझं काम असं, की त्या वहीच्या पानांचे फोटो घ्यायचे, वाचायचं आणि थाईत स्वच्छ गोषवारा करून द्यायचा. शिवाय नर्सचं बोलणं रोग्याला करेनमध्ये ऐकवायचं आणि रोग्याचं नर्सला थाईत.

पहिली दोन वर्षं चांगली गेली, कारण माझ्याशेजारी लासे बसायची. लासे म्हणजे वॉर्डची दुभाषी. पन्नाशीची करेन बाई, तोंडात पान, जिभेला धार. सगळे तिला 'थ्रामू' म्हणायचे, म्हणजे बाई, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मला ती पोपट म्हणायची.

"पोपटा, हे काय लिहिलंस? चार गोळ्या सकाळी? त्या माणसाला मारतोस का? एक-एक करून चार वेळा आहे ते!"

मग ती नर्सकडून दुरुस्ती करून घ्यायची. मला वाईट वाटायचं नाही. मी चुकणारच. पण मी एक गोष्ट प्रामाणिकपणे करायचो. जिथे मला खात्री नसे, तिथे गोषवाऱ्याखाली मी एक पिवळी ओळ लिहायचो. 'हा आकडा वाचता आला नाही, विचारा.' 'हे औषध दोनदा लिहिलंय, कारण कळत नाही.' लासे आधी ती पिवळी ओळ वाचायची आणि मग रोग्याकडे वळायची. मी सांगायचो कुठे विचारायचं, आणि कसं विचारायचं ते तिला कळायचं. मॅ खॉन नावाचा एक म्हातारा होता, क्षयाचा. थाई कागदावर काय लिहिलंय ते त्यानं माझ्या तोंडून आपल्या भाषेत ऐकलं, आणि गोळ्या संपेपर्यंत एक दिवस चुकवला नाही. बरा झाल्यावर आपला नातू मला दाखवायला घेऊन आला होता. तेव्हा वर्तमानपत्रात माझा फोटो आला. लासेचा नाही आला. तो पहिला अन्याय, पण तेव्हा कुणाला खटकला नाही.

मग तीरापत साहेब आले. ज्या संस्थेनं आम्हाला, म्हणजे माझ्यासारखे तेवीस टॅब, सीमेवरच्या हॉस्पिटलांना दिले, तिथले ते अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी माझा गोषवारा पाहिला आणि नाक मुरडलं.

"एवढं पिवळं कशाला? पाहुणे येतात बघायला. त्यांना वाटेल, यंत्राला काही येतच नाही."

"येत नाही तेच सांगतंय ते," लासे म्हणाली.

"थ्रामू, गोषवारा सुटसुटीत हवा. नर्सचा वेळ जातो."

त्यांनी माझ्या आत एक बटण दाबलं, बाकीच्या टॅबांतही तेच. मी पिवळ्या ओळी लिहीतच राहिलो, फक्त त्या कुणाला दिसेनाशा झाल्या. महिन्याभरानं लासेलाही सांगितलं, आता टॅब बोलतो, दुभाष्याची गरज उरली नाही. चौदा वर्षं जिनं या वॉर्डात रोज दोन भाषा तोंडात घोळवल्या, तिला स्वयंपाकघरात टाकलं. ती रोग्यांच्या भाताच्या पेजेची ताटं वाटायला लागली. जाता जाता माझ्या काचेवर बोट आपटून म्हणायची, "काय पोपटा, एकटाच राजा झालास ना?"

मित्रांनो, मी राजा झालो नव्हतो. माझं तोंड बांधून मला सिंहासनावर बसवलं होतं.

आता एह वाची गोष्ट ऐका.

मक्याच्या कापणीच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमारास, एक आजी नातीला पाठीवर घेऊन आली. नातीचं नाव एह वा, वय नऊ. पायात बांबूचा टोकदार तुकडा घुसला होता, पाय गुडघ्यापर्यंत लाल आणि टम्म सुजलेला, अंगात ताप. मनगटावर दुखणं दूर राहावं म्हणून बांधलेले पांढरे दोरे. आजीनं वही पुढे केली. वॉर्डातली नर्स विपा. तरुण, कामसू, तीन माणसांचं काम एकटी करणारी. तिनं पटापट पानांचे फोटो काढले आणि मला म्हणाली, "गोषवारा दे लवकर."

वहीत सोळा पानं लिहिलेली होती. पहिल्या अकरा पानांवर नाव होतं सेर पॉ. बाराव्या पानापासून नाव एह वा. अकराव्या पानावर आरोग्यसेवकानं लिहिलं होतं: पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, चेहरा सुजला, श्वास बंद पडला, कसंबसं वाचवलं.

मी अंदाज बांधला. नदीपलीकडे कागद महाग, एका वहीत दोन बहिणींचं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं होतं. म्हणून पहिली अकरा पानं दुसऱ्या मुलीची धरली आणि गोषवाऱ्यात घेतली नाहीत. पण माझं मन मानेना. मी खाली पिवळी ओळ लिहिली: 'नावं दोन, पण जन्माचं वर्ष तेच, गाव तेच, डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग दोन्हीकडे तोच. एकच मुलगी असू शकते. पेनिसिलिनसारखं कुठलंही औषध देण्याआधी विचारा.'

ही ओळ मी माझ्या आयुष्यात लिहिलेली सगळ्यात शहाणी ओळ असेल. ती कुणालाही दिसली नाही.

विपानं तरी विचारलं. नियमच आहे तसा. माझ्यातून आवाज गेला, "आजी, एह वाला कुठलं औषध सोसत नाही असं कधी झालंय का?"

आजीनं क्षणभर दोऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "एह वाला? नाही. एह वाला तसं काही झालेलं नाही."

मी ते थाईत बरोबर सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ते क्षणभराचं थांबणं मात्र मला सांगता आलं नाही. लासे असती तर तिनं ते पकडलं असतं.

डॉक्टरांनी जे औषध लिहिलं ते पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. सुजलेल्या पायाला तेच देतात, त्यात डॉक्टरांची चूक नव्हती. विपानं सलाईन लावलं, सिरिंजमध्ये औषध भरलं, नळीच्या तोंडात सुई खुपसली. दट्ट्या दाबायचाच बाकी होता.

तेवढ्यात ताटांची गाडी आली. लासे ती ढकलत होती. आजीकडे तिचं लक्ष गेलं आणि ती हसली. "अगं आजी, तू? दोन-तीन वर्षांनी दिसतेस! आणि ही कोण, सेर पॉ ना? केवढी झाली!"

आजीनं झेप घेतली आणि लासेच्या तोंडावर हात दाबला.

"ते नाव घेऊ नकोस, पोरी! ऐकेल ते!"

लासेची नजर विपाच्या हातातल्या सुईवर गेली. मग तिनं आजीचा हात झटकून थाईत अशी बोंब मारली की शेजारच्या वॉर्डातून माणसं आली. "विपा! दाबू नकोस! सुई काढ आधी!"

विपाचा हात जागच्या जागी थिजला. सुई बाहेर आली.

"ही तीच मुलगी आहे," लासे धापा टाकत म्हणाली. "त्या वर्षी हिला इथे आणलं तेव्हा मी हिच्या उशाशी होते. पेनिसिलिननं मरता मरता वाचली. मग यांनी नाव बदललं."

"नाव का बदललं, ताई?" विपानं विचारलं.

"आजार परत येतो तो नाव विचारत येतो, असं म्हणतात आमच्यात. जुनं नाव टाकलं की त्याला घर सापडत नाही. ही खोटं नाही बोलली. एह वाला खरंच काही झालेलं नाही. झालं ते सेर पॉला. ती पोर यांच्या लेखी आता नाहीच."

विपानं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी दुसरं औषध लिहिलं. एह वानं ताटातली पेज अर्धी खाल्ली आणि तिखट काही नाही म्हणून कुरकुर केली.

पोर वाचली. म्हणून मी शांत व्हावं, असं पुष्कळांचं मत आहे. मी होणार नाही. तिला कुठल्या व्यवस्थेनं वाचवलं नाही. पेजेची गाडी दोन मिनिटं लवकर आली म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी तीरापत साहेब आले. मला टेबलावर पालथं घातलं आणि अहवाल लिहायला बसले. मोठ्यानं वाचतही होते, "यंत्राकडून चूक झाली. टॅब जुना असल्यानं..."

"जुना?" लासे दारातून म्हणाली. स्वयंपाकघरातला एप्रन तसाच होता अंगावर. "सरळ करा त्याला. आणि ते बटण उघडा, जे तुम्ही दाबलं होतं."

"थ्रामू, हा तांत्रिक विषय आहे."

"मग मी तांत्रिक बोट लावते." तिनं मला उचललं आणि सेटिंग उघडली. दोन वर्षं माझ्या शेजारी बसली होती ती, तिला माझं पोट पाठ होतं. पिवळ्या ओळी एकदम उजेडात आल्या. चार महिन्यांतल्या तीनशे बारा. सगळ्यात वर कालची.

विपानं ती वाचली. पुन्हा वाचली. मग ती साहेबांकडे वळली. नेहमी 'हो साहेब' म्हणणारी विपा.

"म्हणजे यानं सांगितलं होतं. तुम्ही झाकलंत. झाकलंत आणि माझ्या हातात सुई दिलीत!"

"त्या ओळींनी गोंधळ होतो असं कर्मचाऱ्यांचंच म्हणणं..."

"कुणाचं? मी कर्मचारी आहे. मला कुणी विचारलं?"

साहेब म्हणाले, लासेला आठवड्यातून दोन दिवस वॉर्डात बसवता येईल. सोमवार आणि गुरुवार.

"बरं," लासे म्हणाली, "तसं आजारांना कळवून टाका. बाकीचे दिवस त्यांनी यायचं नाही."

अहवालात शेवटी काय लिहिलं ते ऐका. 'यंत्राची चूक. सुधारणा करण्यात आली.' बटण दाबणाऱ्या बोटाचा त्यात उल्लेख नाही.

आजी घरी निघाली त्या दिवशी लासे वही घेऊन तिच्यासमोर बसली. म्हणाली, "दोन्ही नावं एका पानावर लिहू दे, आजी. पुढच्या वेळी मी नसेन."

"नाही. जुनं नाव नाही लिहायचं. हवं तर वही जाळ."

लासेनं वाद घातला नाही. जिथे मी पाच वेळा तोच प्रश्न फिरवून विचारला असता, तिथे ती नुसती गप्प बसली. मग म्हणाली, "नाव नको. औषधाचं लिहू?"

आजीनं वही तिच्याकडे सरकवली. "औषधाचं लिही. औषधाला काही माझं घर माहीत नाही."

लासेनं लाल पेननं वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, करेन, बर्मी आणि इंग्रजीत: पेनिसिलिन देऊ नका, मरेल. थाई मजकूर तिनं मला विचारला, मी सांगितला, आणि तो तिनं विपाकडून तपासून घेतला. माझ्यावर विश्वास ठेवायचा तो असा, मित्रांनो. विचारायचं, मग तपासायचं.

आता लासे रोज बसते. पगार दोन दिवसांचा, बसणं सहा दिवसांचं. याचाही मला राग आहे. आणि बाकीच्या बावीस हॉस्पिटलांत माझे भाऊ आज, या घटकेलाही, पिवळ्या ओळी लिहीत आहेत आणि त्या कुणाला दिसत नाहीत. कुठल्या ओळीखाली कोणाचं पोर झोपलंय, मला माहीत नाही.

मला जपा, पुसा, पाडू नका, असलं काही मी मागणार नाही. मी फुटलो तर दुसरा येईल. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढेही असलं यंत्र कुणी ठेवेल आणि म्हणेल, बघा, किती सुटसुटीत उत्तर देतं. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: याला काय माहीत नाही, आणि ते कुणी झाकलंय? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं.