काकांची हजेरी

नकल्याने हनुवटी गळ्याशी टेकवली, घशात थोडी खरखर आणली आणि विचारलं,

"सूनबाई, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"काका आले," पुढच्या सीटवरून मॅनेजर म्हणाला. "पुढे?"

"अहो मामंजी, तुमच्या हातातच आहे की!" ताईंनी आपलं वाक्य म्हटलं. शेवटच्या दोघांनी आपापली म्हटली आणि गाडी पेट्रोलपंपावरून बाहेर पडली.

परदेश दौऱ्यात नाटक कंपनीची हजेरी अशीच व्हायची. गाडीच्या मधोमध सेटच्या भिंती उभ्या बांधलेल्या, त्यांच्यावर कपड्यांची गाठोडी. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या मॅनेजरला मागचं काडीचं दिसत नसे. म्हणून ज्याने त्याने नाटकातलं आपलं पहिलं वाक्य म्हणायचं. सात माणसं, सात वाक्यं, की गाडी सुटली. कल्पना मॅनेजरचीच, आणि तिचा त्याला कोण अभिमान!

काकांचं वाक्य मात्र गेले नऊ दिवस नकल्या म्हणत होता. त्याआधी एका सकाळी काकांची पाळी आली आणि काका नुसतेच हसत राहिले. रंग लावून दिव्यांखाली उभं केलं की अजून सगळं चोख, तीस वर्षांची भूमिका ती. पण सकाळच्या उजेडात काहीतरी हातातून निसटत चाललं होतं. मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "आणखी एकदा असं झालं तर विमानात बसवून देईन. परक्या मुलखात हे लोढणं मी गळ्यात बांधून घेणार नाही." श्वास कुठे घ्यायचा हेसुद्धा नकल्याला काकांनी शिकवलं होतं. तेव्हापासून तो त्यांच्या पुढच्या सीटवर बसायचा आणि त्यांची पाळी आली की मान खाली घालून त्यांच्या आवाजात वाक्य म्हणायचा. काकांना ही गंमत वाटायची. "माझ्यापेक्षा बरा म्हणतोस रे," म्हणायचे.

गाडीने चांगला वेग घेतल्यावर नकल्याने बिस्किटाचा पुडा मागे केला. कुणी घेतला नाही. त्याने वळून पाहिलं. सीटच्या पाठीवर काकांचा तपकिरी ओव्हरकोट होता, कॉलर वर केलेला. चढताना डोळ्याच्या कडेने त्याने तेवढंच पाहिलं होतं आणि काका बसलेत असं धरून चालला होता. कोटात कुणी नव्हतं.

तोंड उघडलं तर नऊ दिवसांचं पितळ उघडं पडणार होतं, आणि काकांचं तिकीट आजच निघणार होतं. बाहेर भरदुपारी आभाळ राखेसारखं झालं होतं आणि काचेवर बर्फाचे बारीक कण येऊन चिकटायला लागले होते. रस्त्यावरच्या दोन पाट्या मागे गेल्या, मग तिसरीही. लाज वाटावी इतका वेळ तो गप्प बसला.

"गाडी थांबवा," तो शेवटी म्हणाला.

"हा कुणाचा आवाज काढलास रे?" ताई हसल्या. "ओळखू नाही आला."

"माझाच आहे, ताई. काका मागे राहिले."

ताईंनी घाईघाईने काकांना फोन लावला. तो मागच्या सीटवर, ओव्हरकोटाच्या खिशात वाजला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

परत वळायला वाट अठरा किलोमीटर पुढे होती. मॅनेजर ड्रायव्हरला फक्त वेग वाढवायला सांगत राहिला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर नकल्याला बरं वाटलं असतं. तो ओव्हरकोट मांडीवर घेऊन बसला होता आणि बर्फ वाढत होता.

पंपावर पोचले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. हवा भरायच्या यंत्राशेजारच्या बाकावर काका नुसत्या स्वेटरमध्ये बसले होते. हात काखेत, ओठ निळसर, भुवयांवर बर्फ. पण बसले होते. नकल्या गाडी थांबायच्या आत उतरला आणि त्याने कोट त्यांच्याभोवती गुंडाळला. त्याला रडूच कोसळलं.

"अहो काका, हाक मारायची नाही का?" मॅनेजर मागून धावत आला. "दार तरी वाजवायचं!"

"दारापाशीच तर होतो," काका शांतपणे म्हणाले. "कडीला हात घातला होता. तेवढ्यात आतून माझा आवाज आला. म्हटलं, चला, मी बसलोय. हात काढून घेतला."

मॅनेजरने नकल्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"उठा काका," नकल्या म्हणाला. "चला, गाडीत ऊब आहे."

काका दोन पावलं चालले आणि दाराशी थांबले. सेटच्या भिंतींच्या फटीतून त्यांनी आत, मागच्या सीटकडे निरखून पाहिलं.

"तो कुठे गेला? आत बसलेला?"

ताईंनी तोंडावर पदर धरला.

"तो उतरला, काका," नकल्या म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही त्याला. "जागा रिकामी आहे. तुम्ही बसा."

"उतरला? कुठे?"

"तिकडे... मागे. रस्त्यात."

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. दूरवर पांढऱ्यावाचून काही नव्हतं. मग त्यांनी अंगावरचा ओव्हरकोट काढला, नीट घडी करून हातावर घेतला आणि बाकाकडे परत निघाले.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "म्हातारा माणूस तो. त्याला असा थंडीत टाकून मी कसा येऊ?"