रीताची तीन वर्षं

मोहबोडीच्या तलावावर सकाळी सातला रोज हेच चालायचं. मनसाराम आपली होडी, म्हणजे डोंगा, पुढे ढकलायचा आणि त्याची थोरली पोरगी रीता डोंग्याच्या टोकावर उभी राहून जाळं फेकायची. आधी कमरेतून अर्धी गिरकी, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मनगट. जाळं हवेत भाकरीसारखं गोल उघडायचं आणि त्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या एकदम पाण्यावर पडायच्या. एकदम म्हणजे एकदमच. एक गोळी आधी आणि दुसरी नंतर पडली की मासा पळालाच म्हणून समजा.

मनसारामला मुलगा नव्हता, दोन मुलीच. रीता नववीत आणि साधना तिसरीत. लोक म्हणत, "मनसारामभाऊ, पोट्टीच्या जातीनं जाळं नाई फेकावं." तो बिडी विझवत सांगायचा, "मासोळीले नाई समजत ना बाप्पा, जाळं कोणी फेकलं ते."

शाळा सुटली की तेच मनगट कच्ची बेलफळं फेकायचं. कच्चं बेलफळ दगडासारखं टणक असतं, आकाराला थेट चेंडूच. शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशाने तीन स्टंप काढलेले होते. रीताचं बेलफळ मातीवर टप्पा घेऊन असं वळायचं, की बॅटवाला पोरगा एकीकडे आणि स्टंपवर ठप्प आवाज दुसरीकडे.

"सरळ टाक ना व," भूपेश वैतागायचा.

"सरळच टाकली. तेच वळून राह्यलं. त्याले सांग."

भूपेश दहावीत होता, म्हणजे रीताच्या एक वर्ष पुढे. सोळा वर्षांचा, मिशी फुटलेला. पण क्रिकेटच्या कागदांवर तो तेरा वर्षांचा होता, कारण गेल्या वर्षी त्याच्या वडिलांनी ग्रामसेवकाला सांगून जन्माचा नवा दाखला काढला होता. चौदा वर्षांखालच्या संघात पोरांना तो काकासारखा दिसायचा. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोराचं भलं होत होतं ना, मग झालं तर.

दोन हजार नऊ सालच्या मार्चमध्ये शाळेत एक पत्र आलं. सोळा वर्षांखालच्या मुलींच्या क्रिकेट संघाची निवड, चंद्रपूरला, एप्रिलच्या पहिल्या रविवारी. इतिहास आणि खेळ असे दोन्ही तास घेणारे मेश्राम सर ते पत्र घेऊन थेट मनसारामच्या अंगणात आले.

त्याची बायको इंदिराबाई राखेत मासे घोळून खवले काढत होती. तिने पदर सावरला, पण विळी सोडली नाही.

"सर, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण तिचं लगन ठरलं ना. सिरोंच्याकडचा पोरगा आहे, सोताचा डोंगा आहे त्याचा. अक्षयतृतीयेले सामूहिक लगनात बार उडवून द्याचा."

"पंधराची आहे ती, इंदिराबाई."

"मी तेराची होतो."

सरांनी पुढचं सगळं मनसारामकडे बघत सांगितलं. निवड झाली तर मुलीला नागपूरच्या वसतिगृहात ठेवतात, राहणं-जेवण तिथंच, बारावीपर्यंत शाळा. पुढे खेळाच्या जोरावर नोकरीसुद्धा लागू शकते. मनसाराम जाळ्याची एक तुटलेली गाठ बांधत ऐकत होता. गाठ बांधून झाली तरी तो त्या गाठीकडेच बघत राहिला.

"एक डाव जाऊन येऊ," शेवटी तो म्हणाला. "निवड झाली तं लगन थांबवीन. नाई झाली तं सरांनी मंग काई म्हनाचं नाई."

दाराआड उभ्या असलेल्या रीताने साधनाचा हात इतका घट्ट दाबला, की ती ओरडली.

रविवारी मनसाराम, रीता आणि सर पहिल्या बसने चंद्रपूरला पोचले. मनसारामने लग्नासाठी राखून ठेवलेला पांढरा सदरा घातला होता. मैदानात कितीतरी मुली होत्या, बहुतेकींच्या पायांत काटेरी बूट. रीताच्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट होते आणि एका बोटाला फाटलेल्या टोकातून बाहेरचं जग दिसत होतं.

निवड करायला आलेल्या मॅडमनी आधी सगळ्यांना सीमारेषेवर उभं केलं आणि चेंडू यष्टीकडे फेकायला सांगितलं. रीताने अर्धी गिरकी घेतली. चेंडू सरळ यष्टिरक्षक मुलीच्या हातमोज्यात जाऊन बसला, मध्ये कुठेही न टेकता. मॅडमनी चष्मा वर केला.

"परत फेक."

परत तसाच.

"कुठे शिकलीस?"

"डोंग्यात," रीता म्हणाली. मॅडम हसल्या, पण ती काही विनोद करत नव्हती.

गोलंदाजीत तर मजाच झाली. नागपूरहून आलेली एक चांगली खेळणारी मुलगी रीताच्या सहा चेंडूंत तीनदा चकली आणि शेवटी बॅटच टेकून उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीआधी मॅडमनी मेश्राम सरांना बाजूला घेतलं. सर जवळजवळ पळतच परत आले. त्यांनी फक्त एक बोट वर केलं. यादीत पहिलं नाव.

मनसारामने डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं, मग डोळे. "लगन थांबवतो मी," तो स्वतःशीच म्हणाला. "जबान देल्ली."

दुपारी कागद तपासायला बसले. सरांनी शाळेचा दाखला पुढे केला. टेबलावरचे कारकून म्हणाले, शाळेचा चालत नाही, वयाच्या फार तक्रारी येतात, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला हवा. सरांचा चेहरा उतरला. रीताच्या जन्माची नोंद कधी झालीच नव्हती, हे त्यांना माहीत होतं. पण मनसाराम हसत पुढे झाला.

"आहे ना. हे घ्या साहेब." त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून चार घड्यांचा कागद. नवाकोरा, गोल शिक्क्याचा. मनसारामला वाचता येत नव्हतं. त्याच्या लेखी जन्माचा दाखला म्हणजे जन्माचा दाखला. सरकारी शिक्का असलेला, घरातला सगळ्यात भारी कागद त्याने पोरीच्या भल्यासाठी स्वतः आठवणीने आणला होता.

कारकुनांनी तो वाचला आणि मॅडमकडे सरकवला.

"अठ्ठावीस मार्च एकोणीसशे एक्याण्णव," मॅडम म्हणाल्या. "हिला अठरा पूर्ण झाली आहेत."

"नाई जी, पंधराची आहे ते," मनसाराम म्हणाला. "होळीच्या दुसऱ्या दिवशी झाली, चौऱ्याण्णवच्या."

"मग हा कागद कसला?"

आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. सामूहिक लग्नात नाव लावायचं तर मुलीला अठरा झाल्याचा कागद लागतो. म्हणून माघ महिन्यात तो ग्रामसेवकाकडे गेला होता आणि त्याने सांगितलं तिथे अंगठा उमटवला होता. दिवस खरा, महिना खरा. फक्त साल तीन वर्षं मागे गेलं होतं.

ग्रामसेवकाने आपल्या एकाच टेबलावर भूपेशची तीन वर्षं कमी केली होती, आणि रीताची तीन वाढवली होती. पोराला खेळायला वेळ मिळावा म्हणून आणि पोरीला वेळच मिळू नये म्हणून.

रीताने बापाकडे पाहिलं.

मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "आठ दिवस नाव थांबवते. हा दाखला खोटा आहे असं वडिलांनी लिहून द्यावं आणि दुरुस्त करून आणावा."

परतीच्या बसमध्ये तिघं तीन बाकांवर बसली.

दुसऱ्याच दिवशी सरांनी अर्ज लिहिला. फक्त अंगठा बाकी होता. मनसाराम आधी ग्रामसेवकाकडे गेला. तो खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

"माहिती कोणी देल्ली? तू. अंगठा कोणाचा? तुझा. मी तं तू सांगतलं ते लिहिलं. खोटी माहिती देल्ली म्हनून जेलात कोण जाईन, सांग बरं?"

मनसाराम तसाच घरी आला. सोयरे आले, म्हणाले, "मांडवात नाव लागलं, आता पोरगी घरी ठेवली तं दुसरं लगन कुठी जमन?" इंदिराबाई रडली, पण तिनंही हेच म्हटलं. सर रोज संध्याकाळी अर्ज आणि शाईचा डबा घेऊन यायचे, ओट्यावर बसायचे आणि उठून जायचे.

"मले भेव लागते, सर," मनसाराम पाचव्या दिवशी म्हणाला. "मी जेलात गेलो तं ह्या तिघींनी काय खावं?"

आठव्या दिवशी सकाळी रीता डोंग्याच्या टोकावर उभी राहिली आणि तिने जाळं फेकलं. शिशाच्या गोळ्या एकेक करून पाण्यात पडल्या. टप. टप. टप. मनसारामने डोंगा वळवला.

अक्षयतृतीयेला मोठ्या मांडवात रीताचं लग्न लागलं. मंचाजवळ एक अधिकारी प्रत्येक जोडप्याचे कागद बघत होते. रीताचा कागद त्यांनी उजेडात धरला, शिक्का पाहिला आणि म्हणाले, "व्यवस्थित आहे." मग पाहुण्यांनी बालविवाह किती वाईट यावर भाषण केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन हजार अकराच्या दिवाळीत रीता माहेरी आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि जिना नसलेल्या घरातही धाप. साधनाने तिच्या हातात कच्चं बेलफळ दिलं. "टाक ना ताई. मले शिकव." रीताने बाळाला ओट्यावर ठेवलं, अर्धी गिरकी घेतली आणि फेकलं. बेलफळ भिंतीपर्यंत पोचलंच नाही.

रस्त्याने भूपेश मोठी खेळाची पिशवी पाठीला लावून चालला होता. तो थांबला.

"काय व रिते, कधी आली?"

"काल. तू कुठी चालला?"

"निवड आहे नागपूरले." तो जरा घुटमळला. "सोळाखालची."

दोघंही हसली. मग तिच्या कडेवर परत आलेल्या बाळाकडे त्याची नजर गेली आणि दोघांचंही हसू थांबलं. कागदावर ती वीस वर्षांची होती आणि तो पंधराचा. भूपेश मान खाली घालून बसकडे गेला.

त्याच दिवशी दुपारी मनसारामचा साडू बापूजी आला. हातात एक छापील अर्ज. चहा झाल्यावर त्याने तो पुढे सरकवला.

"मनसारामभाऊ, माह्या पोरीचं, सुमनचं जमलं. दाखल्यासाठी दोन साक्षीदार लागते. इथी अंगठा मार."

"केवढी आहे रे सुमन?"

"तुले म्हाईत नाई का? साधनापेक्षा तीन वर्षांनी मोठी."

"मंग कागदावर किती लिवलं?"

बापूजी हसला. "अठरा. आता तुह्या घरचंच शिकलो ना बे."

चुलीशी रीता बाळाला पाजत होती. मनसारामने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे. जाळ्याच्या दोरीने चिरलेला, घट्टे पडलेला अंगठा. त्याने मूठ मिटली.

"नाई मारत."

"काऊन?"

"एका पोरीचे तीन साल खाल्ले मी. तुह्या पोरीचे नाई खानार. अन् तू दुसऱ्याचा अंगठा आणशीन, तं मी सरांले घेऊन मांडवात येईन. सोयरीक तुटन तं तुटू दे."

बापूजी चहाचा कप तसाच ठेवून, शिव्या देत निघून गेला. इंदिराबाई घाबरून दारात आली. मनसारामने चपला घातल्या आणि तो शाळेत गेला. दिवाळीची सुट्टी होती, तरी मेश्राम सर एकटेच वह्या तपासत बसले होते.

"सर, थो अर्ज आहे का अजून? रीताचा."

सरांनी टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला. अडीच वर्षं झाली होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या. "मनसारामभाऊ, आता याचा काही उपयोग नाही," ते हळू म्हणाले. "आणि विचारतील तुम्हाला. कदाचित पोलीससुद्धा."

"इचारू द्या. ग्रामसेवकाचंबी नाव सांगीन."

शाईचा डबा वाळला होता. सरांनी त्यात पाण्याचे दोन थेंब टाकले. मनसारामने अंगठा बुडवला आणि कागदावर ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या कागदाने रीताला मैदान परत मिळालं नाही. बाहेर भिंतीवर कोळशाचे तीन स्टंप होते आणि साधना एकटीच बेलफळं फेकत होती. ती तेव्हा साडेअकरा वर्षांची होती. शाळेच्या दप्तरात तेवढीच लिहिलेली होती, आणि निदान त्या घरात आता ते कोणी खोडणार नव्हतं.

तुमच्या गावच्या दप्तरात कुणाकुणाची किती वर्षं कमी-जास्त आहेत, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून कोणाचा अंगठा आहे, ते एकदा तुम्हीही बघून या.