पूजेत बसलेला चाकू

त्या पाच दिवसांत मला जेवढा संताप आला, तेवढा तेरा वर्षांच्या मास्तरकीत आला नव्हता. मास्तरकीत संताप कमी येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस माझ्या शाळेत येऊन बसावं.

साल १९३८. बांधाच्या, म्हणजे मोठ्या तलावाच्या, काठच्या आमच्या गावचे मालगुजार केशोराव यांनी नागपूरहून नावेला लावायचं इंजिन आणलं. गोंदियाचे जंगल-ठेकेदार कन्हैयालाल यांच्याकडे तसलं इंजिन आधीच होतं, म्हणून दोघांची शर्यत ठरली. इंजिनासोबत एक इंग्रजी कागद आला होता. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा. तेव्हा "कोणी बुडलं-गिडलं त थे तुमी पाहा, मास्तर," असं म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. कागदात स्पष्ट लिहिलं होतं की, वाचवायला जाणाऱ्या नावेत धारदार चाकू हाताशी ठेवावा.

केशोरावांची नाव चालवणार होता गावातला मासेमार सुकराम ढिवर. पहिल्याच चाचणीत तो वळणावर उडून पाण्यात पडला. बांधातच वाढलेला माणूस, हसत बाहेर आला. पण रिकामी नाव गोल गोल फिरत राहिली, त्याची लाज केशोरावांना वाटली. उपायही त्यांनीच काढला. सुकरामच्या कमरेला अंबाडीचा दोर, आणि दोराचं दुसरं टोक बसायच्या फळीला.

"आणि नाव पलटली तर?" मी विचारलं.

"कायले पलटन? तुमी लय वंगाळ बोलता, मास्तर."

अंबाडीची गाठ भिजली की आवळते. मग ती नखाने सुटत नाही की दाताने. हे गावातल्या प्रत्येक ढिवराला माहीत होतं, केशोरावांनाही माहीत होतं. पण मालगुजाराला त्याचाच उपाय चुकला असं सांगणार कोण? मी सांगितलं, चारदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हटलं, बांधा बाबा, पण वाचवायला माझा जो लहान डोंगा असेल, त्यात एक कोयता तरी द्या.

"कोयता ना? देऊ की," केशोराव म्हणाले.

माझा डोंगा वल्हवणार होता उदाराम. त्याला म्हटलं, तुझा घेऊन ये. तो म्हणाला, "आणतो ना जी." रोज विचारलं, रोज "आणतो ना जी." असा होकार देणाऱ्या माणसाचा मला नाही म्हणणाऱ्यापेक्षा जास्त राग येतो.

आणि शर्यत ठेवली कधी, तर खंडेनवमीला!

नवमीला सकाळी मालगुजारांच्या ओसरीवर गेलो, तर गावातलं झाडून सगळं लोखंड तिथे मांडलेलं. कोयते, कुऱ्हाडी, विळे, परशू, केशोरावांची बंदूक. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना सुताचा वेढा, वर झेंडूची फुलं. उदारामचा कोयता दुसऱ्या रांगेत ऐटीत बसला होता. उद्या दसऱ्याला पूजा हलेपर्यंत त्यातलं काहीही उचलायचं नाही, असा नेम.

"मला एक कोयता लागतो," मी म्हणालो.

"पूजेत बसला आता," केशोराव म्हणाले. "तुमाले कालच न्याले काय झालं होतं?"

काल! चार दिवस मी काय भजन करत होतो?

"मग हे इंजिन?" मी बोट दाखवलं. इंजिनालाही हळदकुंकू होतं, हारही होता. "याचीही पूजा केलीत. ते कसं उचलणार?"

केशोरावांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "थे विलायती आहे. त्याले आपला नेम नाही लागत."

मी कपाळाला हात लावला आणि बांधाकडे चालू लागलो.

काठावर ही गर्दी. एका बाजूला सुकरामची बायको जमुनाबाई पाहुण्यांच्या जेवणासाठी मासे कापत बसली होती. दुसरीकडे सुकराम नावेत चढला आणि केशोरावांनी स्वतःच्या हाताने गाठ मारली, दुहेरी. मी आणि उदाराम डोंग्यात बसून वळणाजवळ जाऊन थांबलो. डोंग्यात एक वल्हं, एक बांबू आणि मी. कापायला काही नाही.

बंदूक पूजेत असल्यामुळे थाळी वाजवून शर्यत सुटली. दोन्ही इंजिनं कोकलत आली. कन्हैयालालची नाव बाहेरून वळली. सुकरामने आतून घातली ती थेट कमळाच्या वेलांत. पंखा गुरफटला, नाव जागच्या जागी अडली आणि आडवी झाली.

आम्ही पोहोचलो तेव्हा सुकरामचं तोंड पाण्याच्या वर होतं, पण जेमतेम. इंजिनाच्या वजनाने नाव मागून खाली चालली होती आणि दोर त्याला सोबत नेत होता. उदारामने उडी मारून त्याची हनुवटी धरली. मी डोंग्यातून वाकून गाठीला हात घातला. गाठ दगडासारखी झाली होती.

"मास्तर, काप ना जी!" उदाराम ओरडला. "काऊन पाहून राहिला?"

कशाने कापू? मी त्याच्यावर, केशोरावांवर, सगळ्या गावावर उखडलो आणि शिव्या देता देताच माझा हात कोटाच्या खिशात गेला.

त्या खिशात माझा चाकू असतो. पोरांच्या पेन्सिली तासायचा, हाडाच्या मुठीचा. तेरा वर्षांत एरवी मी तो कधी खिशाबाहेर ठेवला नव्हता. त्या दिवशी खिसा रिकामा होता. सकाळीच शाळेत पुस्तकांच्या पूजेत मी स्वतः तो पाटीवर ठेवला होता. दरवर्षी ठेवतो तसा. चाकू पाहिजे, चाकू पाहिजे म्हणून गावभर बोंबलत फिरणाऱ्या मला माझा चाकू आठवलाही नव्हता.

सुकरामच्या नाकात पाणी जाऊ लागलं होतं.

तेवढ्यात दुसरा डोंगा येऊन आमच्यावर धडकला. जमुनाबाई स्वतः वल्हवत आली होती. तिच्या पायाशी पावशी होती, ज्यावर ती मासे कापत बसली होती ती. पाटाला उभं पातं, पात्याला अजून खवले चिकटलेले. पावशी घेऊनच ती पाण्यात उतरली. पात्याची बोथट पाठ तिने नवऱ्याच्या पोटाला लावली, धार बाहेर दोराकडे केली आणि डोंग्याला पाय देऊन पाट स्वतःकडे ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दोर तुटला. नाव इंजिनासकट खाली गेली आणि सुकराम आमच्या हाती राहिला.

काठावर आणून त्याला पालथा घातला. तो खोकला, ओकला, मग बायकोकडे पाहून रडला. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

केशोराव धावत आले. "देवीनं वाचवलं! पुढच्या सालापासून हे पावशी पूजेत सगळ्यात मधात बसवू!"

लोकांनी जयजयकार केला. खरंच केला! मी तोंड उघडलं, पण जमुनाबाईच आधी बोलली.

"नाही बसवाची," ती म्हणाली. "तुमचे माणसं हत्यारं जमा करत फिरले, तवा हिले कोणी हत्यार म्हटलं नाही. म्हणून वाचला तो."

तिने पावशी पदराला पुसली, आणि मग तिची नजर माझ्यावर आली.

"मास्तर, तुमच्यापाशी त चाकू राहते ना? पेन्सिली छिलाचा?"

"पूजेत आहे," मी म्हणालो.

"तुमचाबी?"

एवढंच म्हणाली. मग उरलेले मासे कापायला बसली, कारण पाहुणे जेवायचे होते.

मी तडक शाळेत गेलो आणि नवमीच्याच दिवशी पाटीवरचा चाकू उचलला. सूत तोडलं, हळदकुंकू धोतराला पुसलं. गावाने पाप म्हटलं, म्हणू दे. पण जमुनाबाईला तोंड दाखवायला मला पुढे महिनाभर जमलं नाही.