डब्यातली भूपाची चिठ्ठी

मित्रांनो, माझं झाकण कुरकुरतं, तेवढं सांभाळून घ्या. मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. आज अंगावर पोचे पडलेत, पण एके काळी कर्जतमधल्या गाण्याच्या शौकिनांचा जीव माझ्यात अडकलेला असे. त्याचा मला भारी तोरा होता.

एका तांबटाने मला ठोकून घडवलं. वर कात-सुपारीचे खण, खाली पानांचा कप्पा. तांदळाचे व्यापारी आबाशेट यांनी मला घरी आणलं, तेव्हा आगगाडी कर्जतला येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा दुपारी त्यांच्या ओटीवर बैठक भरे. चौक, खालापूर अशा गावांहून मंडळी येत आणि एकमेकांना रागांची कोडी घालत.

रीत अशी होती. कोडं घालणारा आधी रागाचं नाव चिठ्ठीवर लिहून माझ्या खालच्या कप्प्यात सारायचा, मग राग आळवायचा. ज्याला ओळखता येईल त्याने माझ्या झाकणावरचा विडा उचलायचा. बरोबर निघालं तर विडा खायचा. चुकलं तर तो परत ठेवायचा आणि पाडव्यापर्यंत बैठकीत गायचं नाही. चिठ्ठीत असेल तेच खरं.

कशेळ्याकडचा भातशेती करणारा कोंडाजी त्या बैठकीला चालत यायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण भजनात घडलेला कान फार तयार होता. लागोपाठ सहा विडे त्याने जिंकले. मंडळींना ते थोडं बोचू लागलं होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

सातव्या खेपेला आबाशेटनी 'भूप' लिहून चिठ्ठी सारली आणि गायला सुरुवात केली. भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर तेच पाच. भूप संध्याकाळचा, गंधार या स्वरापाशी रमणारा. देसकार सकाळचा, धैवतावर ठाण मांडणारा. शेट रंगात आले, आवाज चढला आणि धैवतावरून खाली उतरायलाच तयार होईना.

कोंडाजीने विडा उचलला. "देसकार हाय, शेट."

चिठ्ठी उघडली. भूप. ओटीभर हशा पिकला. कोंडाजीने विडा माझ्या झाकणावर परत ठेवला. "माझाच कान फसला असंल," एवढंच तो म्हणाला.

शेटच्या पत्नी अंबाबाई कीर्तनकाराची लेक. संध्याकाळी मला पुसताना त्या म्हणाल्या, "अवो, तुमी देसकारच गायलात. मी आतून ऐकत व्हते. त्याला बोलावून सांगा."

शेटनी तेच आलाप पुन्हा गुणगुणून पाहिले, तर देसकारच निघाला. मग म्हणाले, "पाडव्याला सांगतो."

पाडवा आला, कोंडाजी आला नाही. पुढच्या महिन्यात सांगू, सुगी झाली की सांगू, असं करता करता अकरा वर्षं गेली. चारचौघांत मान खाली घालायची शेटना लाज वाटत होती. चिठ्ठी माझ्याच पोटात होती, मित्रांनो, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. तो सल आजही जात नाही.

शेवटी बाजारात कळलं, की कोंडाजीने गावच्या भजनातही गाणं सोडलंय, नुसते टाळ धरतो. अंबाबाईंनी मला उचलून बैलगाडीत ठेवलं. "चला. नायतर मी एकलीच जाते."

कोंडाजी खळ्यावर होता, केस पुरते पिकलेले. शेटनी ताजा विडा आणि ती चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. "कोंडाजी, त्या दिवशी तुझंच बरोबर होतं. मी देसकार गायलो होतो."

कोंडाजीने चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. "म्हंजे माझा कान बरा व्हता."

"होय रे."

"अकरा वर्सं मी सोताच्या सुरावर भरवसा ठेवला नाय, शेट."

"आता गा. आमी ऐकाया आलोय," अंबाबाई म्हणाल्या.

त्याने देसकाराचा सूर लावला. धैवतापाशी आवाज फाटला. खाकरून पुन्हा लावला, पुन्हा फाटला. "राहू द्या," तो म्हणाला. "आता कान हाय, गळा नाय."

शेट मला त्याच्याकडेच ठेवून गेले. विडा त्याने खाल्ला नाही, चिठ्ठीसकट माझ्यात ठेवून दिला. तो माझ्यात सुकून गेला.

मित्रांनो, मला चिंचेने घासलं नाहीत तरी चालेल. पण दुसऱ्याचं बरोबर होतं हे कळलं, तर त्याच दिवशी त्याच्या दारी जाऊन सांगा. पाडव्याची वाट पाहू नका. माझ्यातल्या चिठ्ठीवरचं 'भूप' अजून स्वच्छ वाचता येतं. कोंडाजीचा देसकार मात्र त्यानंतर कुणीच ऐकला नाही.