सहा कोट, एकच नंबर

बालगृहात मुलं छत्तीस आणि कपडे धुण्याचं यंत्र एक. म्हणून प्रत्येक कपड्याच्या आत लाल दोऱ्याने मुलाचा नंबर शिवलेला असतो; नाहीतर एकाची चड्डी दुसऱ्याच्या नशिबी. मुंगी नावाच्या मुलीचा नंबर सतरा. नवा कपडा हातात आला की आधी सतरा, मग बाकी सगळं, ही तिची लहानपणापासूनची सवय.

आता ती अठराची झाली होती, म्हणजे बालगृह सोडायची वेळ आली होती, आणि ती शिंपीकाकांच्या दुकानात काजं-बटणं करत होती. "महिनाभर बघतो, मग ठरवू," असं काका म्हणाले होते. ठेवून घेतलं तर दुकानावरची खोलीही मिळणार होती. नाहीतर बालगृहाच्या ताईंना तिच्यासाठी पुन्हा दारोदार विचारत फिरावं लागणार होतं.

महिन्याच्या अखेरीस काका बँडवाल्यांचे सहा कोट इस्त्रीला घेऊन बसले आणि पहिलाच कोट उलटा करून थांबले.

"हे काय गं?"

"सतरा."

"ते दिसतंय. कशाला?"

मुंगीने दुसरा कोट उलटला, मग तिसरा. सगळीकडे सतरा, आणि तेही चांगल्या घट्ट टाक्यांत.

"काका, हात आपोआप गेला. उसवते लगेच."

"साटीनचं अस्तर आहे. उसवलंस तर चाळण होईल त्याची." काकांनी कपाळ चोळलं. "ते येतीलच एवढ्यात. तू तोंड उघडू नकोस. कापडाचा नंबर आहे म्हणून सांगतो मी."

बँडवाले आले. ढोलवाल्याने कोट हातात घेतला आणि नेमकी कॉलरच उलटली.

"सतरा? आम्ही तर सहाच आहोत."

"तो कापडाचा..." काकांनी सुरुवात केली.

"माझा नंबर आहे," मुंगी म्हणाली. काकांनी डोळे मिटले. "बालगृहात कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून घालतो आम्ही. सवयीने घातला. काकांची चूक नाही."

ढोलवाला बासरीवाल्याकडे वळला. "ऐकलंस? गेल्या वेळी तू माझा कोट घालून गेलास आणि मी तुझ्या कोटात स्वतःला कोंबून वाजवत बसलो."

"तू फुगलास, त्यात माझा काय दोष?"

"पोरी, आम्हालाही नंबर घाल. पण प्रत्येकाला वेगळा."

"सतरावर पट्टी लावते आणि तिच्यावर एक ते सहा घालते," मुंगी म्हणाली.

"एक नंबर माझा," तिघे एकदम बोलले, आणि दुकानात कोणाचंच कोणाला ऐकू येईना.

"कंबरेच्या मापाने लावू," मुंगीने आवाज चढवला. "सगळ्यात मोठ्या कंबरेला एक नंबर."

सगळे एकमेकांच्या पोटांकडे बघू लागले. एक नंबर ढोलवाल्याकडे गेला आणि तो खूशही झाला.

बँडवाले गेल्यावर काका म्हणाले, "मी थाप मारत होतो, तू मधेच तंगडी घातलीस."

"हो."

"वरची खोली झाडून घे. पंखा करकरतो, आत्ताच सांगून ठेवतो."

मुंगी झाडू घेऊन जिना चढू लागली.

"आणि हे बघ," काका मागून म्हणाले, "उद्यापासून गणवेश शिवायचेत. कॉलरला सुई लावण्याआधी मला विचारायचं."